तीन पॉइंट आठ

हेल्वेच्या तळघरात
बटाट्याच्या पोत्यांशेजारी एक ढग राहतो.
बुटांच्या खोक्याएवढा, काळा.
पंखा लागला की घरघरतो
म्हाताऱ्या बोक्यासारखा.

पुतण्या काउपो टार्टूहून आला तो जोडायला.
म्हणाला, आत्या, सगळ्या जगाचा ढग
चार कंपन्यांच्या गोदामांत कोंडलाय.
त्यांनी कुलूप घातलं की आपण बाहेर.
आता ज्याच्याकडे रिकामी जागा, त्यानं ती भाड्यानं द्यायची.
कुणाचे फोटो, कुणाची गणितं,
तुकडे करून, मोहरबंद,
एक तुझ्याकडे, एक पेरूत, एक देव जाणे कुठे.
भाडं नाण्यांत. नाणं हाताला लागत नाही,
पण येतं.

आणि तुकडा फेकून दिला, वर 'आहे' म्हणाले, तर?

काउपो हसला.
दर तासाला विचारणा होते: आहे का? दाखव.
इथली चिमूट, तिथली चिमूट मागतात.
चुकलीस की अनामत कापली.
कुणी कुणावर विश्वास ठेवायचा नाही,
तीच तर गंमत.

विश्वास पानिपतात गेला, असं माझ्या भाषेत म्हणतात.
हेल्वेला पानिपत ठाऊक असायचं कारण नाही.
पण ती एकतीस वर्षं डेअरीच्या दारात उभी होती,
पहाटे पाचला, बोटं बधिर,
प्रत्येक कॅनमध्ये लॅक्टोमीटर सोडत.
कुणाच्या दुधाला किती फॅट लागली, किती डिग्री,
कुणी रात्री विहिरीला भेट दिली,
सगळं वहीत.
म्हणून काउपो पुढचा अर्धा तास समजावत राहिला
आणि तिला ते पहिल्या वाक्यातच कळलं होतं.

कॅन झाकणासकट येतो.
झाकणाखाली काय, विचारायचं नाही.
सांभाळायचा, आणि मागितला की दाखवायचा.
महिन्याअखेर भाड्यातून
कॉफी सुटते, कधी राईचा पावही.
नाणं पडलं की नुसती कॉफी.

नोव्हेंबरात वादळ झालं.
झाडं तारांवर आडवी, दोन दिवस वीज नाही.
कुणीतरी दर तासाला विचारत राहिलं, आहे का?
तळघर गप्प.
तिसऱ्या दिवशी दिवे आले, तेव्हा
पाच महिन्यांची कमाई कापून गेली होती.

बरोबर आहे, ती म्हणाली.
मीही कापली असती.
चहा ठेवला. चहा तसाच राहिला.

लेइदाचा नवरा तळ्याच्या बर्फात गेला, त्या वर्षीची गोष्ट.
एक गाय, तीन पोरं.
लॅक्टोमीटर दुधात टेकला आणि बुडतच गेला.
पाणी इतकं उघड होतं की
लेइदानं मान वर केलीच नाही.
तिच्या दोन हातांत दोन रंगांचे मोजे होते, हातमोजे नव्हे, मोजे.
हेल्वेनं पेन्सिल उचलली
आणि लिहिलं: फॅट तीन पॉइंट आठ.
अख्खा मार्च तेच लिहिलं.
एप्रिलात गवत आलं, आणि दुधाला खरंच
तीन पॉइंट आठ लागली.
किंवा हेल्वेनं नीट पाहिलं नाही.

या नव्या वहीच्या हजारो प्रती आहेत.
एकीत खाडाखोड केलीत तर बाकीच्या आरडाओरडा करतात.
कुणा साहेबाला ती फिरवता येत नाही. हे चांगलंच.
साहेबांनी फिरवलेल्या वह्या तिनं पाहिल्यात.
पण लेइदालाही ती फिरवता आली नसती.

तिनं काउपोला फोन लावला.
वादळ होतं, हे सांगायची काही सोय?

नियम बदलायचा ठराव आहे, आत्या. मत देता येतं.
जितकी नाणी, तितकी मतं.

माझी किती?

सहा.

आणि सगळी मिळून?

काउपो जरा थांबला. बरीच, म्हणाला.
त्यातली निम्मी सात-आठ जणांकडे.

अस्सं, हेल्वे म्हणाली. म्हणजे साहेब आहेतच.

मग ती खाली गेली.
ढगावर सफरचंदाच्या चकत्या वाळत घातल्या होत्या,
त्या उलटल्या. अंगठ्यानं एक दाबून पाहिली.
फोन डोळ्यांजवळ धरून
सहाच्या सहा मतं टाकली.

पंखा सुरू झाला.
कुणाचं तरी गणित आलं होतं.